शेरबुर्गची थेट बोट

“या बोटीतून ड्रायव्हर जात नाही, मॅलकी,” कंपनीची मालकीण डर्व्हला म्हणाली. “नुसता ट्रेलर जातो. पलीकडे फ्रेंच ड्रायव्हर ओढून नेईल.”

मॅलकी फरलाँग ट्रेलरवरच्या खेकड्यांच्या टाक्या तपासू लागला. डर्व्हलाच्या वडिलांच्या काळापासून तो रॉसलेअर बंदरातले जिवंत खेकडे ट्रकने वेल्स आणि इंग्लंड पार करून फ्रान्सला पोचवत आला होता. आता ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार, म्हणजे वाटेत कागदांच्या रांगा लागणार. खेकडा काही रांगेत तिष्ठत राहणारा प्राणी नव्हे. म्हणून आज ब्रिटन टाळून फ्रान्समधल्या शेरबुर्ग बंदराला जाणाऱ्या थेट बोटीची चाचणी होती. माल जिवंत पोचला, तर यापुढे सगळे ट्रेलर याच वाटेने जाणार आणि मॅलकीचा रस्ता कायमचा सुटणार.

डर्व्हला ऑफिसात गेल्यावर दुसरा ड्रायव्हर फिंटन जवळ सरकला.

“टाक्यांचा हवेचा पंप जरा मंद ठेव,” तो पुटपुटला. “थोडे मेले की बाईसाहेबांचं बोटीचं खूळ आपोआप उतरेल.”

“माझ्या हातून मेलेला माल कधी गेलाय? आता काय म्हातारचळ लागलाय मला?”

फिंटनने तोंड फिरवलं. मॅलकीने टाक्यांतलं समुद्राचं पाणी बदललं, जोडीला दुसरा पंप बसवला. एरवी वाटेत थांबून तो टाक्यांत डोकावायचा, आता डोकावणारं कोणी नव्हतं. बोटीवरच्या माणसाला गाठून त्याने ट्रेलर खालच्या मजल्यावर, मधोमध उभा करायला लावला. तिथे हेलकावे कमी बसतात. बोट सुटली तेव्हा मात्र त्याला वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. तरी हातचं राखून काही केलं नाही, याचं समाधान त्याहून मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डर्व्हला स्वतः त्याच्या घरी आली.

“सगळे जिवंत पोचले,” ती म्हणाली. तिला त्याच्याकडे बघवेना. “बंदरावर ट्रेलर चढवायला माणूस लागेल. येशील?”

“येईन की, पोरी. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार आहेस?”

रविवारी त्याने ट्रकच्या केबिनमधला आपला झोपायचा बिछाना घरी आणला. त्याची बायको नुआला हिने चादरी धुतल्या आणि गादी अंगणातल्या भिंतीवर टाकून चांगली झोडपली. गादीत त्याच्या अंगाचा खळगा पडला होता. तो काही केल्या वर येईना. मग तिने झोडपणं थांबवलं आणि गादी तशीच उन्हात राहू दिली.