मंदाताईचा एक पाय पायरीवर

माघातल्या सकाळचा करडा उजेड, रस्त्यावरचे अजून न विझलेले दिवे, वर्कशॉपांकडून येणारा तेलाचा वास आणि त्या साऱ्यात कंपनीच्या बसच्या पायरीवर रोवलेला एक सावळा, भेगाळलेला पाय. मंदाताई मला आठवते ती अशी, अर्धी बसमध्ये आणि अर्धी भोसरीच्या रस्त्यावर.

चाकणला जाणारी आमची बस कुणासाठी थांबत नसे. पण एक पाय जमिनीवर असलेल्या बाईला घेऊन गाडी हाकण्याची ड्रायव्हरची छाती नव्हती, आणि हे तिने नेमके हेरले होते. मागून कुणी धावत येताना दिसले, बहुतेकदा मीच, की तिच्या चपलेचा अंगठा तुटे. मग ती वाकून, अत्यंत गंभीर मुद्रेने, तो धडधाकट अंगठा दुरुस्त करीत राही.

"मावशी, रोज कसा तुटतो हो अंगठा? नवी चप्पल घ्या की!" ड्रायव्हर करवादे.

"नवीच हाय रं बाबा, म्हून तर चावती."

तोवर मी धापा टाकत चढलेली असे. आभार मानायला गेले की ती खिडकीबाहेर बघे. आपल्या चांगुलपणाचा बोभाटा तिला सोसत नसे.

पुढे नवरा आजारी पडला आणि तिलाच उशीर होऊ लागला. महिन्यात तीनदा गेटवर उशीर झाला की कंत्राटी बाईला घरी बसवत. तिचे दोन झाले होते, आणि मला ते माहीत होते. त्या सकाळी बस हलली तेव्हा ती चौकापलीकडून पदर खोचून धावत येत होती. मी पायरीजवळच बसले होते. पण शेजारी नवे सुपरवायझर होते आणि त्याच आठवड्यात मी कायम होणार होते. माझ्या दोन्ही चपला शाबूत राहिल्या. तिने हात उंचावला. मी मोबाइलमध्ये मान घातली. शेअर रिक्षाने ती पोहोचेपर्यंत तिसरा उशीर लागला होता.

मी कायम झाले. ती कुठे गेली, कुणालाच ठाऊक नाही. बस आता ठरल्या वेळी सुटते आणि ड्रायव्हर खूश आहे. मला मात्र लाज वाटते, अजून वाटते. कितीतरी सकाळी तिने माझ्यासाठी एकेक मिनिट थोपवून धरले. तिला हवे होते ते एकच, आणि ते माझ्या हातात असताना मी जाऊ दिले.