दावो हात

“दावो हात,” सगुण ओरडला. वर्षाने सायकल चालवता चालवता ऐटीत उजवा हात बाहेर काढला आणि चुन्याने आखलेल्या रस्त्यावरून डावीकडे वळली.

शिटी वाजली. रांगेतली पोरं खिदळली. साईश नावाचा एक वात्रट मुलगा तर हसून हसून खालीच बसला.

“आजय नापास,” सगुण म्हणाला. “हात एकडेन, गाडी दुसरेकडेन. फाटल्यान ट्रक आसलो जाल्यार कितें जातलें, सांग म्हाका.”

वर्षाने आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीने पाहिलं, सायकल भिंतीला टेकवली आणि ती मैदानाच्या कडेला काजूच्या झाडाखाली जाऊन बसली.

सगुणची उभी हयात गोव्यात पेडणे-म्हापसा मार्गावर बस चालवण्यात गेली होती. निवृत्त होऊन घरी बसला, तेव्हा पंचायतीने त्याला बोलावून कोरगावच्या शाळेच्या मैदानावर दर शनिवारी मुलांना सायकल शिकवायचं काम दिलं. म्हणजे चालवायला नव्हे. चालवायला पोरं आपली आपणच शिकतात. रस्त्यावर वागावं कसं, ते शिकवायचं. मागे बघणं, हात करणं, ब्रेक दाबणं. जो पास होईल त्याच्या सायकलच्या मडगार्डवर सगुण एक हिरवी टिकली चिकटवी. ती टिकली नसेल तर शाळेत सायकल आणायची नाही, असा नियमच होता. विमानतळाकडे जाणारा मोठा रस्ता झाल्यापासून गावातून डंपर बेफाम धावत, त्यामुळे सगुण त्या टिकलीच्या बाबतीत सख्ख्या नातवालाही दयामाया दाखवत नसे. एकही पोर रस्त्यावर पडता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात असे.

पण ही वर्षा त्याला उमगेना. मुलगी चुणचुणीत होती. रस्त्यावरच्या खुणांच्या सगळ्या पत्र्याच्या पाट्या तिला पाठ होत्या, ब्रेक बेताने दाबायची, वळण्याआधी मान वळवून मागे बघायची. उजवं वळण तर असं घ्यायची की बघत राहावं. डाव्या वळणाला मात्र काय व्हायचं कोण जाणे. कधी डावा हात निघे, कधी उजवा. बरोबर निघाला की सगुणला वाटे, आलं लक्षात. लगेच पुढच्या फेरीत पुन्हा घोळ. उजवं कळतं आणि डावं कळत नाही, असं माणूस असतं तरी का? पोरगी आपली थट्टा करते आहे की काय, अशीही शंका त्याला येऊन गेली.

मागच्या आठवड्यात जेवताना त्याने हे कोडं बायकोला घातलं. सुलोचना माशाचं कालवण वाढत होती.

“तुमकां तरी खंय कळटा?” ती म्हणाली. “लग्नाच्या पाटार हांव तुमचे खंयचे कुशीक बशिल्लें, सांगा पळोवया.”

सगुणने घास हातात धरून बराच विचार केला. त्याला खरंच आठवेना. एकदा वाटे डाव्या, एकदा वाटे उजव्या. कोडं सुटायचं राहिलं बाजूला, तो स्वतःच गोंधळून हात धुवायला उठला होता.

आजही तो तसाच गोंधळून उभा असताना फाटकातून वर्षाची आई आली. मंगल तिचं नाव. नवरा-बायको दोघंही कोल्हापूरकडची, गावावरच्या पठारावर, सड्यावर, नवीन इमारतींचं काम चाललं होतं तिथे राबायला आलेली. हातात वर्गातून घरी दिलेलं हेल्मेट होतं. ते तिने सगुणच्या टेबलावर ठेवलं.

“गुरुजी, ही तुमची टोपी घ्या. पोरीला उद्या गावाकडं धाडतोय, आज्जीपाशी.”

“कित्याक? शाळा आसा न्हय तिची?”

“साळंत जायचं कसं तिनं? आमी आता सड्याच्या पार पल्याड ऱ्हातोय. एवढं लांब एकटी चालत कशी सोडू? आन् सायकल तुमी न्हिऊ देत न्हाई.”

“हांवें कित्याक दिवची न्हय?” सगुण कळवळून म्हणाला. “तिका दावो हात कळना, बाय. दावो हात.”

“न कळायला काय झालं?” मंगलही आता चिडली. “तुमी दाव म्हंता, ती दावती. पर कुठला दावू, ते तुमी सांगतच न्हाई म्हणती. उजवा आसला की उजवा म्हंता, न्हाईतर आपलं नुसतंच हात दाव. मग ती बिचारी एकदा ह्यो दावती, एकदा त्यो दावती.”

सगुण तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दाव. दावती. पेडण्यात दावो म्हणजे डावा, हे त्याला जन्मापासून माहीत होतं. कोल्हापूरकडे दाव म्हणजे दाखव, हे मात्र आत्ता कळत होतं. कामगारांचीही मुलं येतात, तेव्हा मराठीत शिकवा, असं पंचायतीने बजावलं होतं. जत्रेच्या मराठी नाटकात राजाचं काम करणारा माणूस तो. आपण मराठीतच शिकवतो, अशी त्याची पक्की समजूत होती. पण ते मराठी नाटकापुरतं. पोर वळणावर आलं की तोंडातून घरचाच कोंकणी शब्द निघे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दावो म्हळ्यार डावा गो,” तो कसाबसा म्हणाला. “म्हजीच चूक. तिची न्हय.”

त्याने वर्षाला हाक मारली. ती आली, पण सायकलला हात लावेना.

“वर्षा,” तो नाटकातल्यासारखं जपून, एकेक शब्द मोजून बोलला, “तुझा डावा हात दाखव.”

वर्षाने उजवा हात उचलला. लगेच खाली घेतला. मग डावा उचलला आणि आईकडे बघत तोही खाली घेतला.

“मला न्हाई ठावं,” ती म्हणाली.

“अगं, घरात तर येत हुतं की तुला,” मंगल म्हणाली.

“त्ये घरातलं.”

हे ऐकून सगुणच्या लक्षात आलं. येताना पोरीला डावं-उजवं येत होतं. इथे शिकायला आली आणि ते गेलं. आता शब्दावर शब्द घालून उपयोग नव्हता. तिला शब्दाचंच भय बसलं होतं. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने आपला डावा हात आडवा धरला. त्याचं बघून तिने उजवा धरला. सगुण पुन्हा चक्रावला. आता काय चुकलं? मग त्याच्या ध्यानात आलं, तो तिच्याकडे तोंड करून उभा होता.

“सायकलीर बस,” तो आपल्या पाठीकडे बोट करून म्हणाला. “म्हजे फाटल्यान यो. हांव करतां तशें कर.”

तो वळणापाशी गेला, तिच्याकडे पाठ केली आणि डावा हात लांब करून उभा राहिला. मागे काय चाललंय ते दिसत नव्हतं. सायकल निघाल्याचा आवाज नाही. साईशही हसायचा थांबला होता. मान वळवून बघावं असं त्याला फार वाटलं, पण मान वळली की खांदाही वळेल आणि पोरगी पुन्हा चुकेल, म्हणून तो हलला नाही. खांदा भरून आला. मग साखळीचा कुरकुर आवाज जवळ आला आणि वर्षा त्याला वळसा घालून डावीकडे गेली. तिचा डावा हात सरळ बाहेर होता. वळण संपलं तरी तिने तो खाली घेतला नाही, फाटकापर्यंत तशीच गेली.

मंगलने कमरेचा मोबाइल काढला. “अवो, गाडीत जागा धरू नगा,” ती नवऱ्याला म्हणाली. “ऱ्हाऊ द्या. मग सांगते.”

सगुणने मडगार्डवर टिकली चिकटवली. टिकली जरा वाकडीच बसली. वर्षा ती अंगठ्याने दाबत बसली, तेव्हा त्याने मंगलला हळूच विचारलं, “गेल्या वर्सा एक चेडो येतालो. तुमचे वांगडाचो, कामगारांचो. अभिजीत. तोय असोच हात बदलतालो. नापास केलो, मागीर आयलोच ना. तो खंय आसा?”

“त्ये? काम संपल्यावर गेली की ती मान्सं.”

“खंय?”

“त्ये कुणाला ठावं,” मंगल म्हणाली आणि लेकीला घेऊन निघाली.

रांगेतली पोरं आपापल्या सायकलींवर एक पाय टेकून हुकमाची वाट बघत होती. सगुणने ‘दावो’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो वळणापाशी गेला, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने डावा हात बाहेर काढला.