सोफ्यामागची जाळी

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. जाळी म्हटल्यावर तुम्हाला डास आठवले असतील, पण माझा आणि डासांचा काही संबंध नाही. मी खाऱ्या पाण्याच्या टाकीवरची जाळी. माझ्या खाली प्रवाळांचे दगड आहेत, डोलणारी जिवंत प्रवाळं आहेत आणि त्यांच्यामधून सुळकन जाणारे रॅस जातीचे रंगीत मासे आहेत. ते आत राहतात ते माझ्यामुळे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तर आजकाल हे कुणी लक्षात ठेवत नाही म्हणून सांगते.

मला ताईने बनवलं. ती घरोघरी खिडक्यांना जाळ्या बसवते. तिचा धाकटा भाऊ चष्मे विकतो. दुकान बंद करून घरी आला की त्याला नुसतं बसवत नसे, म्हणून त्याने ही टाकी घेतली. ताईला पहिल्यांदा टाकी दाखवली तेव्हा तिने मासे पाहिलेच नाहीत. तिने वर पाहिलं आणि विचारलं, "हिला छप्पर कुठाय?"

"काचेचं झाकण घेईन म्हणतो."

"काच घातलीस तर आत वाफ कोंडेल. मासे तू आण, छप्पर माझं."

रॅस मासे उड्या मारतात. घाबरले, भांडले, नाहीतर उगाच मनात आलं, की पाण्याबाहेर! ताईने अॅल्युमिनियमची हलकी चौकट कापली, तिच्यावर काचेसारखी आरपार दिसणारी नायलॉनची जाळी ताणली आणि खाचेत रबरी दोरी दाबत छोटं चाक चारही बाजूंनी फिरवलं. मग प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडलं की तो कोपरा पुन्हा उकलायचा, ही तिची पद्धत. माझा एक कोपरा तिने तीनदा उकलला होता. तेव्हा मी वैतागले होते, पण नंतर त्याच कोपऱ्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटू लागला.

मग मासे आले. रॅस एकटा ठेवला तर हळूहळू फिका पडतो. बघणारं कुणी नसेल तर नटायचं कशाला, असा त्यांचा हिशेब असावा. म्हणून भावाने एक नर, त्याच्या काही माद्या आणि दुसऱ्या जातीचे दोन-तीन पिवळे मासे आणले, आणि सगळे एकाच दिवशी पाण्यात सोडले. आधी आलेला टाकीचा मालक होऊन बसतो आणि मागून येणाऱ्याला सळो की पळो करतो. एकदम आले तर सगळेच पाहुणे, मग दादागिरी कोण करणार?

तो नर म्हणजे रंग्या. नाव भावाच्या मुलीने ठेवलं. तिला घरात छोटी म्हणतात. रंग्या लाल होता, पोटाखाली जांभळा, आणि पंख फुलवले की निळ्या रेघा चमकायच्या. छोटी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी टाकीपाशी यायची. तिला बघून रंग्या काचेशी येऊन पंख फुलवायचा. खरं तर त्याला खाणं हवं असायचं, पण छोटीला वाटायचं तो तिच्यासाठीच नटतो. मी तिचा गैरसमज कशाला दूर करू? ताई रविवारी यायची, माझ्यावर साचलेलं मीठ कोमट पाण्याने धुवायची आणि छोटीला म्हणायची, "तुझा रंग्या माझ्या जाळीखाली सुखात आहे बघ." माझे ते दिवस फार चांगले गेले.

मग भावाला आणखी एक नर हवासा वाटला. समोर दुसरा नर असला की रंग्याचे रंग आणखी खुलतील, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. पण नवा मासा जुन्यांमध्ये असाच सोडता येत नाही. त्याला आधी भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवतात आणि तो डबा टाकीच्या काठाला अडकवतात. म्हणजे जुने त्याला बघून घेतात, पण चावू शकत नाहीत. घोटाळा झाला तो डबा अडकवायच्या आकड्यांमुळे. ते काठाच्या वर येत होते आणि मी एका बाजूने उचलली जात होते. भावाने ताईला फोन केला.

"अगं, डब्यामुळे जाळी बसत नाहीये."

ताईचा आवाज मलाही ऐकू आला. "मग आकड्यांपुरती खाच करून देते. रविवारी येते. तोवर मासा आणू नकोस."

"नाही गं, अजून आणला नाहीये."

मासा तेव्हा डब्यात फिरत होता.

फोन ठेवून भावाने मला उचललं आणि सोफ्यामागे भिंतीला टेकवून ठेवलं. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं तो स्वतःशीच पुटपुटला. मित्रांनो, माणसं स्वतःशी पुटपुटली की समजा, त्यांनाही ते पटलेलं नसतं. दुपारी छोटीने बाहुलीचे कपडे धुतले आणि माझ्यावर वाळत घातले. मी तेही मुकाट्याने सोसलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. सोफ्याच्या फटीतून मला टाकीची कड दिसत होती. रंग्या डब्यातल्या नव्या नराला बघून चवताळला होता. पंख फुलवून डब्यावर धडका मारत होता, मागे सरून पुन्हा येत होता. मग पाणी उडालं आणि जमिनीवर टप् असा आवाज झाला. तो माझ्यापासून हातभर अंतरावर पडला होता. जे रोखायला मी जन्मले तेच माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी भिंतीला टेकून उभी होते. तो बराच वेळ तडफडला.

भावाने संध्याकाळी त्याला दोन्ही हातांनी उचललं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, हे मी नाकारत नाही. पण छोटीने रडत विचारलं, "जाळी का काढली होती?" तेव्हा तो म्हणाला, "आत्याची जाळी खराब झाली होती ना, म्हणून."

रविवारपर्यंत डबा माळ्यावर गेला होता, नवा नर टाकीत मोकळा होता आणि मी जागेवर होते. ताईने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "रंग्या गेला गं ताई. कोपऱ्याच्या फटीतून निसटला. तुझा दोष नाही, जाळीच जुनी झालीये."

किती प्रेमाने म्हणाला! मला वाचा असती तर मी किंचाळले असते. ताईने छोटीला जवळ घ्यायला हात पुढे केला, तर छोटी हात झटकून आत निघून गेली. ज्या पोरीचा रंग्या सुखात आहे ना, हे बघायला ताई दर रविवारी यायची, ती पोर आता तिच्याकडे बघायलाही तयार नव्हती. ताईने टाकीवर खिडकीच्या जाळीचा एक तुकडा तात्पुरता ताणला, मला काखोटीला मारलं आणि घरी नेलं.

तिच्या कामाच्या टेबलावर मी कितीतरी दिवस पडून होते. ती दुसऱ्यांच्या जाळ्या बसवायची, उकलायची, पुन्हा बसवायची. तिचा स्वतःच्या हातांवरचा विश्वासच उडाला होता. शेवटी एकदा तिने मला उजेडात धरलं आणि कोपऱ्यांवरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही. तीनदा उकललेल्या कोपऱ्यापाशी मात्र चौकटीच्या मागच्या कडेत काहीतरी मऊ लागलं. तिने ते ओढून काढलं. बाहुलीचा गुलाबी मोजा होता. कोरडा, साबणाचा वास येणारा. त्याच्यावर मिठाचा कणही नव्हता.

ताई खुर्चीत बसली. मोजा हातात धरून रडली. फट सापडली असती तर ती रडली नसती, असं मला वाटतं.

मग डोळे पुसून तिने माझ्या कडेला आकड्यांपुरती खाच केली, कबूल केली होती तशी. भावाच्या घरी जाऊन आधी मला टाकीवर बसवलं, चारही कोपरे दाबले, आणि मग मोजा त्याच्या तळहातावर ठेवला.

"छोटीचा आहे. जाळीत अडकला होता. टाकीवर कुणी मोजे वाळत घालत नाही रे."

त्याचा चेहरा उतरला. "ताई, तू रागावशील म्हणून..."

"रागावलेच असते. चांगलं झापलं असतं तुला आणि मग जेवायला थांबले असते." तिने चपला घातल्या. "आज थांबत नाही. छोटीला खरं काय ते तू सांग. मी सांगणार नाही."

त्यानंतर बरेच रविवार गेले. त्याने अजून सांगितलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी टाकी असेल तर तिच्यावरची जाळी काढू नका. काढावीच लागली तर तिथून हलू नका. आणि एवढं करूनही काही विपरीत घडलं तर 'जाळी मी काढली होती' एवढं म्हणा. जाळीला बोलता येत नाही म्हणून तिच्या माथी काहीही मारू नका.

भाऊ आता मला फार जपतो. रोज हलकेच उचलतो, खाणं टाकतो आणि नीट बसवून चारही कोपरे दाबतो. छोटी शेजारी उभी असते. माझ्याकडे ती अजून रागानेच बघते. परवा मात्र तिने हळूच विचारलं, "बाबा, आत्या आता येत का नाही?"

त्याने माझा तोच, तीनदा उकललेला कोपरा पुन्हा एकदा दाबला.