तीन नंबरचा पंप

एव्हेलियोने बूट टेकवून जमीन दाबून पाहिली आणि पाय झटकन मागे घेतला. तळवा भाजला होता. ज्वाळा नव्हती, ठिणगी नव्हती. कोरड्या तळ्याच्या भेगांमधून निळसर धूर तेवढा हळूहळू वर येत होता, खाली कुणीतरी चिलीम ओढत बसल्यासारखा.

राखीव पाणथळीची तरुण इंजिनिअर नुरिया शेजारी नाकावर रुमाल धरून उभी होती. ती म्हणाली, जमीन आतून पेटली आहे. शेकडो वर्षं इथं लव्हाळी उगवली, पाण्यात पडली, कुजली आणि त्यांची काळी माती झाली. ओली होती तोवर ती माती निमूट होती. आता सुकली आणि कोळशासारखी धुमसायला लागली. वरून हुकूम आला होता की आजपासून तिन्ही पंप अखंड चालवायचे, बोअरचं पाणी उपसून तळ्यात सोडायचं. पंप एव्हेलियोच्या ताब्यात होते.

त्याने मान डोलावली, पण त्याचा पाय निघेना.

"पोरी, तळं आटलं कशानं? बोअर मारमारून जमिनीतलं पाणी खाली गेलं, म्हणूनच ना?"

"हो."

"आणि आता आपण बोअरचंच पाणी काढून तळ्यात ओतायचं?"

"मलाही ते विचित्र वाटतं, एव्हेलियो," नुरिया म्हणाली. "पण आज आग लागलीय."

आग लागलीय, एवढं त्याला कळलं. त्याने जाऊन पंप सुरू केले.

खरं तर हुकूम पाळण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्याचा बाप याच तळ्यात होडी घालून खेकडे धरायचा. एव्हेलियोला मिसरूड फुटत होतं तेव्हा सरकारची यंत्रं आली. ही दलदल म्हणजे डासांचं माहेर, ती काढून इथं गहू पिकवायचा, असं साहेबांनी सांगितलं. एव्हेलियो यंत्रावर लागला. त्याने चर खणले, पाणी वाहून गेलं, बापाच्या होडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या. मग सरकार म्हणालं, जमिनीखाली पाणीच पाणी आहे, बोअर मारा. एव्हेलियोने आणि त्याचा दोस्त दोरोतेओने मिळून बोअरचं यंत्र घेतलं आणि ला मांचाच्या त्या सपाट मुलखाची चाळण केली. द्राक्षं झाली, खरबुजं झाली, गावात दुमजली घरं उठली. त्याच भरभराटीत त्याने दोरोतेओच्या बहिणीशी, फेलिसाशी, लग्न केलं.

पुढे सरकार म्हणालं, तळं म्हणजे देशाचं वैभव, त्याला कुंपण घाला. तळं भरणाऱ्या ग्वादियाना नदीत तळ्याच्या वाट्याचं पाणी राखायचं, त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. पण वरच्या अंगाच्या बोअरींनी तोवर नदीच पिऊन टाकली होती. वाटा होता, पाणी नव्हतं. तेव्हा तळ्यासाठीही बोअरी मारल्या आणि त्या सांभाळायला एव्हेलियोलाच नेमलं. प्रत्येक वेळी हुकूम देणारा माणूस शहाणा दिसायचा. प्रत्येक वेळी एव्हेलियोला त्याचं पटायचंही. सगळ्यांचं एकदम आठवलं की मात्र त्याच्या डोक्यात गोंधळ उडायचा.

पंप सुरू होऊन आठवडा झाला नसेल, तोच दोरोतेओ पंपघरात आला.

"काय मेव्हण्या, झाली का बदकांची आंघोळ?"

सुरुवात चेष्टेने झाली, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्याचं खरबुजांचं शेत कुंपणाला लागून, तीन नंबरच्या पंपासमोरच होतं. कालपासून त्याची बोअर पाण्याऐवजी हवा ओकत होती. शेवटचा तोडा वेलीवर होता, फळं नुकती भरायला लागली होती. पाण्याच्या कचेरीने आधीच त्याचा उपसा निम्म्यावर आणला होता आणि तेवढ्यात भागव म्हणून बजावलं होतं. तो भागवतही होता. आता तेवढंही गेलं.

"थोडे दिवस तीन नंबर बंद ठेव. खरबुजं भरली की पोहू देत तुझी बदकं."

बदकं कधीच उडून गेली, हे आगीसाठी आहे, असं एव्हेलियोने सांगितलं.

"कुठाय आग? दाखव मला."

एव्हेलियोने खिडकीतून पाहिलं. दाखवण्यासारखं खरंच काही नव्हतं. मैलभर करडी जमीन, कडेला हिरवी झाऊची झाडं आणि वर थोडा धूर.

दोरोतेओ दारापर्यंत गेला आणि पाठमोराच म्हणाला, "ती बोअर आपण दोघांनी मारलेली. पाणी लागलं तेव्हा सदरा काढून नाचला होतास तू."

घरी जेवताना एव्हेलियोने फेलिसाला विचारलं. ती म्हणाली, दोरोतेओ माझा पाठचा भाऊ आहे, त्याचं पीक जळालं तर मी त्याच्या दारात कुठल्या तोंडाने जाऊ? पंप बंद कर. मग तिने मिरच्या-टोमॅटोची भाजी वाढली, उठून खिडकी लावली आणि म्हणाली की वाळत घातलेल्या चादरींनाही धुराचा वास येतो, शेजारची म्हातारी खोकून खोकून हैराण झाली आहे, पंप मुळीच बंद करू नकोस. एव्हेलियो तिच्याकडे बघत राहिला. तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं, कारण तिने उठून त्याच्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तीन नंबरचं बटण बंद केलं. आपण हे का केलं, असं कुणी तिथेच विचारलं असतं तर त्याला धड सांगता आलं नसतं. मेव्हण्यासाठी केलं म्हणावं, तर रात्रभर तो मनात मेव्हण्याशी भांडलाच होता.

आणि दोरोतेओच्या बोअरला पाणी आलं नाही. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. दोघांनी दोरीला लोखंडाचा तुकडा बांधून आत सोडला, पूर्वी सोडायचे तसा. दोरी संपली तरी तो ओला झाला नाही. दोरोतेओने दोरी गुंडाळली. आभार मानले नाहीत, दोषही दिला नाही. खरबुजं मुठीएवढी राहिली आणि सुरकुतली. एव्हेलियोने जाऊन पंप पुन्हा चालू केला.

त्या आठवड्यात झाऊची झाडं पडली. वारा नव्हता. हिरवीगार झाडं सकाळी आडवी दिसली. एव्हेलियोने वाकून एकाचं मूळ हातात घेतलं, तर त्याचा कोळसा झालेला, बोटांत चुरा झाला. तीन नंबरचा पाइप याच कोपऱ्यात पाणी सोडायचा.

तो तसाच नुरियाकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तिने त्याच्याबरोबर येऊन पडलेली झाडं पाहिली.

"पंप चालू असता तर ही वाचली असती?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. पाणी भेगांतून कुठं जातं तेच कळत नाही आम्हाला."

"आणि बंद ठेवून त्याच्या बोअरला पाणी का नाही आलं?"

"तेही नक्की नाही सांगता येणार."

"म्हणजे मी चूक केली की नाही?"

"चूक केलीत," नुरिया म्हणाली. "पण त्या चुकीनं काय बिघडलं, ते मला ठाऊक नाही. वर कळवावं लागेल."

कळव, तो म्हणाला. तिने कळवलं. वरून उत्तर आलं की आग विझल्यावर बघू. त्यामुळे शिक्षा झाली की माफी मिळाली हेही त्याला समजलं नाही. तो रोज कामावर जात राहिला. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं, असं तो एकदा फेलिसाला म्हणाला.

द्राक्षांची तोडणी आटोपली तरी जमीन धुमसतच होती. मग नवा हुकूम निघाला. नुसत्या पाण्याने भागत नाही, भेगांतून आत हवा जाते. तेव्हा ट्रॅक्टरमागे जड लोखंडी रूळ फिरवून जमीन दाबून टाकायची. गावातले ट्रॅक्टर भाड्याने घेतले, त्यांत दोरोतेओही आला. त्याला शेतात काही काम उरलं नव्हतं. ज्या तळ्याच्या नावाने त्याने जन्मभर बोटं मोडली, त्याच्यावरून तो सकाळपासून रूळ ओढत येरझाऱ्या घालू लागला. एव्हेलियो बाजूला उभा राहून धूर कुठे जास्त येतो ते हाताने दाखवायचा. दोरोतेओ तिकडे वळायचा. 

एका दुपारी ट्रॅक्टर मध्येच थांबला. दोरोतेओने इंजिनही बंद केलं. काही मोडलं असेल म्हणून एव्हेलियो पावलं उचलत गेला.

"काय झालं रे?"

दोरोतेओने तोंडावर बोट ठेवलं आणि पुढे मान केली. पाइपाच्या तोंडाशी चादरीएवढं डबकं साचलं होतं. त्यात तांबड्या डोक्याचं एक बदक उतरलं होतं. एकटंच. त्याने पाणी चाखलं, पंख नीट केले, मग चोच पाठीत खुपसली आणि झोपी गेलं. रूळ सरळ त्याच डबक्यावरून जायचा होता.

दोरोतेओ खाली उतरला. त्याने पिशवीतून पाव आणि चीज काढलं, सुरीने दोन भाग केले आणि एक एव्हेलियोपुढे धरला. दोघं मागच्या चाकाला टेकून खात बसले. चारी बाजूंनी धूर येत होता.

"हाकलू का त्याला?" दोरोतेओने हळूच विचारलं.

एव्हेलियोने घास चावत विचार केला. "काय की," तो म्हणाला.

बांधावरून नुरियाने दोन्ही हात वर करून काम का थांबलं म्हणून खुणेने विचारलं. एव्हेलियोने हात उंचावून तिला थांबायला सांगितलं. किती वेळ, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.