होफ्लरांच्या ट्रेलरचा दांडा

मित्रांनो, दमलोय मी. मी एक जुना लोखंडी दांडा आहे. नेब्रास्कातल्या एका गराजच्या भिंतीवर टांगलेला असतो. मला पाहिलंत तर म्हणाल, हे कसलं भंगार! म्हणा बापडे. पण गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, ओढून नेताना वाऱ्याने ते शेपटीसारखं डुलायला लागतं. त्याला आवरणं हे माझं काम होतं. माझ्या पोटात एक पट्टी सरकते आणि दोन खरखरीत गाद्या तिला दाबून धरतात. त्या घासण्यातच माझा सगळा जीव.

कारखान्यातला जन्म फारसा आठवत नाही. पुढे दुकानात फळीवर धूळ खात पडलो होतो, तेव्हा एक दिवस व्हर्ना होफ्लर आली. सोबत नवरा, डेल्मर. जन्मभर मका पिकवलेला, ट्रॅक्टर पोटच्या पोरासारखे जपलेला माणूस. आता त्याच्या नजरेच्या मधोमध धूसर डाग पडला होता आणि डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. दर उन्हाळ्यात दोघं ट्रेलर घेऊन डोंगरातल्या तळ्यावर जायची. मुलगा रॉइस म्हणत होता, आता पुरे, ट्रेलर विकून टाका. व्हर्नाने त्याला बजावलं होतं, "मी एकटीने जोडून दाखवला, तर विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही."

दुकानदाराने जाडजूड सळया आणि साखळ्या तिच्यापुढे मांडल्या. "हे घ्या मॅडम. सगळ्यात भक्कम."

व्हर्नाची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. तिने एक सळई उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"भक्कम आहे हो. पण दर मुक्कामाला उचलायला तुम्ही येणार का?"

"अहो, पण वारा केवढा असतो!"

"आणि माझा ट्रेलर केवढासा आहे? त्याच्या गळ्यात हे लोढणं कशाला?"

मग तिने मला उचललं, एका हाताने. माझं एक टोक गाडीकडे अडकवायचं, दुसरं ट्रेलरकडे. दोन्हीकडे पिना लावायच्या आणि मूठ फिरवून आवळायचं. झालं! घरी अंगणात तिने मला पहिल्यांदा लावलं, तेव्हा रॉइस हाताची घडी घालून बघत उभा होता. डेल्मरचे हात शिवशिवत होते.

"सरक गं, मी करतो."

"हात लावलास तर बघ! मला एकटीला जमायला हवं."

तो बाजूला झाला. टोपी काढून डोकं खाजवत राहिला. पिना बसल्या, मूठ आवळली गेली आणि रॉइसने विकायचा विषय पुन्हा काढला नाही.

मग मी राबलो. काय वारा, काय ते शेजारून धडधडत जाणारे ट्रक! रस्ता पावसाने निसरडा झाला की व्हर्ना मला सैल करी, नाहीतर वळणावर गाडी सरळच घसरते. ट्रेलर मागे घ्यायचा असला की आधी मला काढून ठेवी. विसरणारे लोक आम्हाला वाकवून ठेवतात. ती कधी विसरली नाही. तळ्यावर बायका विचारत, "एकटीने आणलास?" ती माझ्यावर थाप मारून म्हणे, "आम्ही दोघांनी." डेल्मर तेव्हा मुकाट्याने खुर्च्या मांडत असे.

वसंत आला, अवजारं बाहेर निघाली, की प्रत्येक सांध्याला ग्रीस लावायचं, ही डेल्मरची शेतातली जुनी रीत. ट्रॅक्टर विकले गेले, ग्रीसचा पंप तेवढा राहिला. एका वसंतात तो माझ्याकडे वळला. माझ्या पोटावर लिहिलं होतं, 'तेल-ग्रीस लावू नये.' त्याला ते दिसलं नाही. त्याने किती मायेने मला माखलं! अरे बाबा, नको, असं ओरडलो असतो, पण आम्हाला तोंड कुठे?

त्या उन्हाळ्यात तळ्याच्या वाटेवर, वायोमिंगच्या माळावर वारा सुटला. एक मोठा ट्रक शेजारून गेला आणि ट्रेलर डुलायला लागला. मी धरायला गेलो, पण माझी पट्टी नुसती सुळसुळत होती. मित्रांनो, इतका लाचार मी कधीच झालो नव्हतो.

"व्हर्ना, काय झालं? काय झालं गं?" डेल्मर ओरडत होता.

व्हर्ना गाडीच्या ब्रेकवर पाय द्यायला चुकूनही गेली नाही. वेग आपोआप उतरू दिला, फक्त ट्रेलरचा वेगळा ब्रेक हाताने हळूहळू दाबला आणि कडेला येऊन थांबली. उतरून तिने मला हात लावला. बोट काळं झालं.

डेल्मर चाचपडत मागे आला. "मीच लावलं. कोरडा ठणठणीत होता गं. म्हटलं, एवढं तरी माझ्या हातून होऊ दे."

रागाने ती लालबुंद झाली होती. त्याच्याकडे बघितलं आणि तिला रडू फुटलं. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हाताऱ्या, माझे हातही कोरडे पडलेत. त्यांना कधी लावलंस काही?"

पुढच्या गावापर्यंत ती रांगत्या वेगाने गेली. तिथे माझ्या जागी नवा दांडा आला. गाद्यांत मुरलेलं ग्रीस निघत नाही. मी कायमचा निकामी झालो होतो. वाटलं, आता भंगारात. पण तिने मला घरी आणून भिंतीवर टांगलं.

तेव्हापासून दर वसंतात ती मला खाली काढते आणि त्याच्या मांडीवर ठेवते. "डेल्मर, नवा दांडा बघ रे जरा. याला ग्रीस चालतं." त्याच्या धूसर नजरेला फरक कळत नाही आणि तो मला माखतो. खरा नवा दांडा ट्रेलरच्या कपाटात कोरडा, लपून बसलेला असतो. मित्रांनो, घासून काम करणाऱ्या वस्तूला ग्रीस लावू नका. आणि घरात कुणाचे हात रिकामे झाले असतील, तर त्यांना काहीतरी काम द्या. मी थकलोय, तरी तेवढ्यासाठी अजून टांगलेला आहे.

या वसंतात डेल्मरचा अंगठा माझ्या मुठीवरच्या, त्याच्या ओळखीच्या जुन्या खाचेवर थांबला. मी धसकलो. त्याने तिथे पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"जुनाच आहेस की रे तू," तो माझ्या कानाशी आल्यासारखा पुटपुटला. मग पुन्हा पंप उचलला, एकेक सांधा नीट भरला, फडक्याने पुसला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "व्हर्ना, दांडा तयार आहे गं! निघूया?"