शांतव्वाचं चाक

"थांब, थांब! खाली उतर आधी," अडिवेप्पा सर ओरडले, तेव्हा मला वाटलं माझ्या पाठीवरचा नंबर सुटला असेल. मी सायकलवरून उतरले. सरांनी पुढचं चाक अंगठ्यानं दाबलं आणि त्यांचा चेहराच उतरला. टायरमध्ये बाभळीचा काटा होता, मुळापर्यंत रुतलेला. त्यांनी तो उपसला तशी उरलीसुरली हवाही सुस्कारा टाकून निघून गेली.

बागलकोटला राज्य स्पर्धा होती, जानेवारीतली. महिलांची तीस किलोमीटरची शर्यत. सगळ्याजणी एकदम सुटत नाहीत. दर मिनिटाला एक सायकल सुटते आणि प्रत्येकीची लढत घड्याळाशी असते. पंधरा किलोमीटर जायचं, वळायचं आणि परत यायचं. पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. चौदाजणींत मी सहावी सुटणार होते. त्याला सात मिनिटं उरली होती.

"जादाचं चाक कुठाय सर?"

"ते सिंधूला दिलं की सकाळी. ती तुझ्यापुढं रांगेत उभी आहे, त्याच चाकावर." सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच त्यांना काहीतरी सुचवणार होते. "आता काय करायचं गं सुवर्णा?"

आमच्या शर्यतीचं टायर ट्यूबसकट शिवलेलं असतं आणि रिमला चिकटवलेलं असतं. पंक्चर काढायचं म्हटलं तर अर्धा दिवस जातो. बाकीच्या मुली आपापल्या सायकलींवर वाकून काहीबाही तपासत होत्या. त्यांना दोष देत नाही. कुणाकडे जादाचं चाक असेलच, तर ते त्यांना स्वतःलाच लागलं असतं.

मी सतरा वर्षांची होते. माझे वडील इळकलला दगडाच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. यंदा निवड झाली नाही तर वसतिगृह सोडून घरी ये, असा त्यांचा निरोप आला होता. घरी ये म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. मुलगा बघूनही ठेवला होता.

मी रस्त्याच्या कडेला बसले.

"काय झालं गं तंगी?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. वर पाहिलं तर शांतव्वा हादिमनी. चार वर्षं ही शर्यत तीच जिंकत आली होती. आम्ही वसतिगृहातल्या मुली तिच्यासारखी वेणी घालायचो, तिच्यासारखी बाटली दातांनी उघडायचो. माझ्याशी ती आजवर कधी बोलली नव्हती. ती सर्वांत शेवटी, चौदावी सुटणार होती, कारण सर्वांत वेगवान बाई शेवटी सुटते.

मी नुसतं चाकाकडे बोट दाखवलं.

शांतव्वानं एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा पंचांच्या घड्याळाकडे. मग आपली सायकल उलटी केली, खटका उघडला आणि पुढचं चाक काढून माझ्यासमोर धरलं. ते चाक मला माहीत होतं. राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आल्यावर तिला बक्षीस मिळालेलं, बारीक तारांचं, एका बोटावर तोलता येईल इतकं हलकं. आम्ही त्याला दुरूनच बघायचो.

"शांता!" तिचे सर धावत आले. "डोकं फिरलं काय तुझं?"

"माझं सरावाचं चाक आहे की जीपमध्ये."

"ते बैलगाडीचं चाक आहे!"

"मग बैलासारखी ओढते," ती म्हणाली आणि माझ्या सायकलीपाशी गुडघ्यावर बसली.

"अक्का, नको," मी म्हणाले. "तुमचं चाक नको. मी पुढच्या वर्षी..."

"गप बस. मी तुला हरवायला आलेय. तू हितंच रडत बसलीस तर मी हरवू कुणाला?"

तिनं चाक बसवलं, फिरवून बघितलं, ब्रेक एका बाजूला घासत होता तो नखानं सैल करून सारखा केला. तिच्या बोटांना अजिबात घाई नव्हती. जाताना माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटला एक टपली मारली. "शर्यत झाली की दे परत. पुसून दे."

पंचांनी पाच बोटं दाखवली, चार, तीन. मी सुटले.

पहिल्या दोन किलोमीटरमध्ये मला कळलंच नाही की सायकल चालवतेय ती मीच. त्या चाकाला एक बारीक आवाज होता, चुलीवरच्या पाण्याला उकळी फुटायच्या आधी येतो तसा. उसाच्या शेतांमधून रस्ता सरळ अनगवाडीच्या पुलाकडे जात होता. वारा पाठीवर होता. सिंधूला मी सातव्या किलोमीटरला गाठलं, आणखी एकीला अकराव्या. वळणावर झेंडेवाला उभा होता, पिंपाला वळसा घालून मी परत फिरले, तेव्हा वारा तोंडावर आला आणि पाय शिशाचे झाले.

तेवढ्यात समोरून ती येताना दिसली.

मी कितीतरी जणींना सायकल चालवताना पाहिलंय. पण त्या सकाळी शांतव्वाला पाहिलं तसं पुन्हा कुणाला पाहिलं नाही. पाठ अशी सपाट, की भरलेला तांब्या ठेवला असता तर थेंब सांडला नसता. खांदे हलत नव्हते. फक्त पाय फिरत होते, आणि पुढं ते जाडजूड काळं चाक घरघरत होतं, जात्यासारखं. असल्या चाकावर आम्ही पावसाळ्यात चिखलातून सराव करायचो. ती त्यावर शर्यत पळत होती, आणि जिच्याशी पळत होती तिचं चाक तिनं स्वतःच दिलं होतं. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही, पण अगदी समोर आल्यावर तिचा आवाज कानावर आला.

"मान खाली!"

मी वाऱ्याला घाबरून मान वर काढली होती. ती खाली घातली. शेवटपर्यंत वर केली नाही.

निकाल कागदावर लिहून जवळच्या शाळेच्या भिंतीला चिकटवला. विजापूरची मुलगी पहिली. मी दुसरी. शांतव्वा तिसरी. माझ्या आणि तिच्या मध्ये चार सेकंद.

मी चाक काढलं, ओढणीनं तारान् तार पुसली आणि तिच्याकडे गेले. ती जीपच्या पायरीवर बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होती. मी म्हणाले, "अक्का, चार सेकंद..."

"ते चाकाचे नव्हेत," ती म्हणाली. "वळणावर उसाची ट्रॉली आडवी आली. थांबावं लागलं. नशीब माझं. मिरची खाणार?"

तिनं मिरचीचं भजं पुढं केलं. मी घेतलं.

जेवणाच्या वेळी वळणावरचा झेंडेवाला रांगेत माझ्या पुढे उभा होता. मी विचारलं, "अण्णा, शांतक्कासमोर ट्रॉली कशी येऊ दिली तुम्ही?"

"कसली ट्रॉली?" तो म्हणाला. "सकाळी पोलिसांनी वाहतूक बंदच केली होती. त्या बाईचा पुढचा ब्रेक उघडा होता बघ. जाड चाक त्यात मावत नव्हतं, म्हणून सोडूनच दिला होता. मागचा एकटा पुरेना, म्हणून शंभर पावलं आधीपासून वेग कमी करत आली बिचारी, बूट रस्त्याला घासत."

मी ताट घेऊन मागे वळून पाहिलं. शांतव्वा एका पायात चप्पल घालून, त्या पायाचा बूट हातात धरून त्याचा तळ बघत होती. मी तिच्याकडे गेले नाही. काय म्हणून जाणार होते?

राष्ट्रीय स्पर्धेत विजापूरच्या मुलीला आणि मला सांघिक कांस्य मिळालं. इळकलच्या त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. दोन वर्षांनी रेल्वेत खेळाडूंची भरती निघाली. अर्ज भरताना अटी वाचल्या, वर्षानुवर्षं त्याच: मागच्या तीन वर्षांतलं राष्ट्रीय पदक, आणि वय पंचविसाच्या आत. मी पेन खाली ठेवलं आणि बोटांवर वर्षं मोजली. बागलकोटच्या त्या सकाळी शांतव्वाला पंचविसावं चालू होतं. तिच्याजवळ पदकाची तेवढी एकच संधी उरली होती, आणि हे तिला नक्कीच माहीत होतं.

आता मी हुबळीहून सुटणाऱ्या गाड्यांवर तिकीट तपासते. ती बिळगीकडच्या एका शाळेत मुलींना खेळ शिकवते; घरापासून शाळेपर्यंत रोज सायकलनं जाते. संक्रांतीला मी फोन करते. "अक्का, तुम्ही मला चाक दिलं नसतं तर..." असं मी एकदाच म्हणाले. "चाक परत आलंय माझं," ती म्हणाली. "फुकटचं ओझं बाळगू नकोस. बाळ कसं आहे?"

माझ्या क्वार्टरमध्ये त्या दिवसाच्या बक्षीस समारंभाचा एक फोटो लावलाय. व्यासपीठ नव्हतं, म्हणून शाळेतली तीन बाकं एकाला एक लागून मांडून आम्हाला क्रमानं त्यांवर उभं केलं होतं. माझ्या बाकाचा एक पाय आखूड होता आणि मी पडायला आले होते. फोटोत विजापूरची मुलगी कॅमेऱ्याकडे बघून हसतेय, मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी समोर बघतेय. शांतव्वा मात्र खाली बघतेय. घरी येणारे विचारतात, ही बाई फोटोला मान खाली घालून का उभी? हरली म्हणून?

मी त्यांना फोटोच्या अगदी खालच्या कडेला बघायला सांगते. तिनं आपल्या बाकावरून एक पाय खाली सोडलाय आणि माझ्या बाकाचा डुगडुगणारा पाय आपल्या पावलानं दाबून धरलाय.