निरोगी माणूस हवा

मेंदूविज्ञान शिकणाऱ्यांना एक खोड असते: प्रयोगाला निरोगी माणूस कमी पडला की घरातलाच कुणीतरी स्कॅनच्या मशीनमध्ये ढकलायचा. प्रबंधाची मुदत मानगुटीवर बसली होती, म्हणून मी दादाला धरून आणलं. दादा घड्याळं दुरुस्त करतो. हल्ली त्याच्या हातून बारीक स्क्रू फार पडायचे आणि आई त्यावरून येता-जाता त्याची हजेरी घ्यायची.

"डॉक्टरीणबाई, आत भुसा निघाला तर आईला सांगू नका," मशीनमध्ये आडवा होता होता तो म्हणाला.

मी डॉक्टर नाही. घरी हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. हे शिकलेली माणसं औषध कंपनीत जातात, कॉलेजात शिकवतात, जाहिरातवाल्यांना गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते सांगतात. इलाज करत नाहीत.

प्रयोग सोपा होता. पडद्यावर चेहरा दिसला की उजव्या हाताने बटण दाबायचं. दादा दरवेळी उशीर करत होता.

"झोपलास का?" मी माइकवरून खेकसले. "माझी वाट लावू नकोस!"

"अगं, दाबतोय ना!"

त्याचे आकडे बाकीच्यांच्यात बसेनात. मी ते सरळ बाद केले. आमच्यात तसंच करतात. आकडा विचित्र आला की माणसाचं लक्ष नव्हतं असं धरायचं.

मग मेंदूचा साधा फोटो घेतला. डावीकडे, वरच्या बाजूला, लिंबाएवढा डाग होता. उजवा हात जिथून हलतो, बरोबर तिथेच. ती जागा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवते.

मशीन चालवणाऱ्या काकांनी पडदा पाहिला, मग मला पाहिलं. "तोंड पूस. त्याला अवाक्षर बोलायचं नाही. फोटो तज्ज्ञांकडे जातील, काय ते तेच सांगतील. मी आत्ताच फोन लावतो. नियम माहीत आहे ना?"

माहीत होता. नव्या मुलांकडून तो मीच पाठ करून घेते. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. इतकं शिकले आणि हाती काय, तर नुसतं ओळखता येतं.

दादा बाहेर आला. केस विस्कटलेले, चेहऱ्यावर तेच मिश्कील हसू.

"काय मग, आहे ना काही आत?"

"आहे," मी म्हणाले. माझं चुकलेलं असू दे, तज्ज्ञांनी मला वेड्यात काढू दे, एवढंच मी मनात घोकत होते. शेवटी राहवेना. मी हात पुढे केला. "उजवा हात दे. दाब. जोरात."

"पंजा लढवायचाय?"

"दाब ना रे दादा!"

"दाबलाय की! याहून जोर लावला तर मोडतील तुझी बोटं," तो हसत म्हणाला.

माझी बोटं त्याच्या मुठीत मोकळी हलत होती.